पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे

एकलहरे, हिंगणवेढे, सामनगाव, कोटमगाव, ओढा, जिथे कुठे ऐकत असाल तिथे हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हे काय नवीनच! पण थोडं थांबा. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये आणि बायकांच्या मठांमध्ये एक वेगळ्या प्रकारचं समूहगायन होत असे. त्याला वाद्याची साथ नाही. पेटी नाही, टाळ नाही, तबला नाही. नुसते माणसांचे गळे. आजचे गायक तीच जुनी गाणी पुन्हा गातात आणि त्यांची ध्वनिमुद्रणं आपल्या मोबाईलवर ऐकायला मिळतात. हे गाणं कसं असतं, ते ऐकायचं कसं आणि आपल्या बचत गटातल्या, भजनी मंडळातल्या बायांना त्याचा काय उपयोग, एवढ्या तीन गोष्टी आज सांगते.

आपलं भजन आणि हे गाणं

आपल्याकडे भजनात काय होतं? एक जण पुढे म्हणते, बाकीच्या मागून झील ओढतात. पेटी सूर देते, पखवाज आणि टाळ ताल धरतात. आवाज वीस असले तरी चाल एकच. पुढची वर गेली की सगळ्या वर, ती खाली आली की सगळ्या खाली.

जात्यावरच्या ओवीला तर वाद्यही नसायचं. जात्याची घरघर हाच सूर आणि खुंट्याचा फेरा हाच ताल. दोघी समोरासमोर बसून दळायच्या. पण तिथेही दोघींची चाल एकच.

या जुन्या युरोपीय गाण्यात मात्र चार, पाच, सहा आवाज असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. एक जण शब्द उचलते. ती दोन पावलं पुढे गेली की दुसरी तेच शब्द घेऊन मागून निघते. मग तिसरी, मग चौथी. तोवर पहिली कुठल्या कुठे पोचलेली असते. एकाच वेळी एकीचा सूर चढत असतो, दुसरीचा उतरत असतो, तिसरी एकाच जागी लांब सूर धरून उभी असते.

तुम्ही गोफ विणताना पाहिला असेल, शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतः विणलाही असेल. मधल्या खांबाला वरून दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येकीच्या हातात आपली एक दोरी. एक आतून जाते, एक बाहेरून. कोणी कोणाची दोरी ओढून घेत नाही आणि कोणी आपली सोडतही नाही. वर पाहावं तर वेणी तयार! हे गाणं म्हणजे आवाजांचा गोफ. वेणीही दिसायला हवी आणि त्यातली एकेक दोरीही. ऐकायचं असतं ते एवढंच.

आधी स्वतः करून बघा

हे नुसतं सांगून कळायचं नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढून करून बघा. दोन गट पाडा. पहिल्या गटाने सावकाश म्हणायचं: सा रे ग म प म ग रे सा. पहिला गट ‘ग’वर आला की त्याच क्षणी दुसऱ्या गटाने ‘सा’ सुरू करायचा आणि त्याच चालीने, त्याच लयीत पुढे जायचं.

काय होईल? पहिल्यांदा हसू येईल. दुसऱ्या गटातल्या निम्म्या जणी पहिल्या गटामागे ओढल्या जातील. असं होतंच. पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमेल. इकडे ‘ग’ तेव्हा तिकडे ‘सा’, इकडे ‘म’ तेव्हा तिकडे ‘रे’, इकडे ‘प’ तेव्हा तिकडे ‘ग’. मग दोन्ही गट क्षणभर ‘म’वर एकत्र भेटतील आणि पुन्हा वेगळे होतील. दोन वेगळे सूर एकमेकांत मिसळून कसे गोड लागतात, हे तुमचेच कान तुम्हाला सांगतील.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. आपली वाट सुटू द्यायची नसेल तर दोन कामं एकदम करावी लागतात, आपला सूर धरायचा आणि समोरच्या गटाचा ऐकायचा. नुसतं जोरात म्हणून भागत नाही. एक गट ओरडायला लागला की दुसरा बुडतो आणि दुसरा बुडला की गाणंच उरत नाही.

त्या काळच्या गायकांना तर पुढ्यात पूर्ण गाणंही नसायचं. प्रत्येक आवाजाची वही वेगळी छापलेली असे. वरच्या आवाजाच्या वहीत फक्त वरच्या आवाजाचे सूर, खालच्याच्या वहीत फक्त खालच्याचे. बाकीच्या काय गातायत ते कानांनीच कळायचं. पाचांतली एक वही हरवली तर गाणं अपुरं राहायचं. अशी अपुरी राहिलेली कितीतरी गाणी आजही जुन्या ग्रंथालयांत पडून आहेत.

दगडी भिंतीही गातात

ही गाणी संथ का असतात, असा प्रश्न ऐकताना पडतोच. त्याचं एक कारण इमारतीत आहे. सिन्नरचं गोंदेश्वराचं मंदिर तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिलंय. गाभाऱ्यात उभं राहून ‘ओम’ म्हणा. तुम्ही गप्प झालात तरी सूर थोडा वेळ तिथेच घुमत राहतो. युरोपातली चर्चही दगडी, उंच छताची. मोठ्या चर्चमध्ये आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. अशा ठिकाणी भराभर गायलं तर मागचा सूर पुढच्या सुरावर आदळून नुसता गोंगाट होईल. म्हणून सूर लांबवायचे, सावकाश बदलायचे, मागचा विरत असताना पुढचा ठेवायचा.

वाद्याची साथ नसल्यामुळे सूर धरून ठेवायला एकमेकींशिवाय कोणी नसतं. तानपुरा नाही की पेटी नाही. गाता गाता सगळ्यांचा सूर मिळून थोडा खाली सरकण्याची भीती असते. चांगल्या गटाची परीक्षा तिथेच होते.

गोव्यात दोन वाटा भेटल्या

हे गाणं आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याबरोबर चर्च आलं आणि चर्चबरोबर हे गाणंही आलं. तिथल्या चर्चच्या शाळांमधून इथली मुलं लॅटिन गाणी आणि सुरांचं लेखन शिकली.

त्याच काळात, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज पाद्री गोव्यात आले. ते इथली भाषा शिकले आणि त्यांनी येशूची कथा मराठीत लिहिली, ‘क्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात दहा हजारांहून अधिक कडवी आहेत. आणि छंद कोणता? ओवी! ज्ञानदेवांनी वापरलेली, आपल्या आज्यांनी जात्यावर गायलेली ओवी. चर्चमध्ये लॅटिनचा गोफ चालू असताना इथल्या लोकांच्या मनापर्यंत पोचायला त्यांना ओवीच जवळ करावी लागली.

त्या जुन्या गायनाचा माग गोव्यात अजून सापडतो. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तिथल्या चर्चमध्ये ‘मोतेत’ गातात. त्याला व्हायोलिन, क्लॅरिनेट यांची साथ असते, पण मोतेत हा शब्द त्या जुन्या गाण्यांचाच आहे. ‘अमर अकबर अँथनी’ हा १९७७ चा सिनेमा आठवतो ना? त्यातल्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव खऱ्या माणसाचं. ते गोव्याचे, मुंबईच्या सिनेमासृष्टीतले व्हायोलिनवादक आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. गोवा विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतासाठी त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

आपल्या नाशिककडे मात्र गोष्ट वेगळी झाली. जलालपूरच्या लेकीने, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी, आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचं, भजनाचं आणि कीर्तनाचं वळण दिलं. म्हणून आपल्याकडच्या मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावरची भजनं ऐकू येतात.

हे ऐकून कोणी विचारेल, दुसऱ्या धर्माचं गाणं आपण कशाला ऐकायचं? मला वाटतं, ऐकल्याने आपला देव बदलत नाही. दर्ग्यातली कव्वाली आपण ऐकतोच. या गाण्यांचे शब्द लॅटिन आहेत. ती ऐकणाऱ्या बहुतेकांना, अगदी युरोपातल्यांनाही, आज ते कळत नाहीत. आणि अर्थ तरी काय? बहुतेक ठिकाणी एवढाच, की देवा, दया कर. देवा, आम्हाला शांती दे. आपण तरी दुसरं काय मागतो?

मठातल्या बाया आणि नाव नसलेलं पुस्तक

आता खास आपल्या, म्हणजे बायांच्या गोष्टीकडे येऊ. त्या काळात मोठ्या चर्चच्या गायकगटात बायकांना घेत नसत. उंच सूर लागले तर लहान मुलगे गात, नाहीतर पुरुषच आवाज बारीक करून गात. बायका सगळे आवाज स्वतः गाऊ शकत अशी जागा एकच होती, नन बायकांचा मठ. नन म्हणजे लग्न न करता, घरदार सोडून देवाच्या सेवेला वाहून घेतलेल्या बाया. भिंती उंच, बाहेर पडायला बंदी. पण आत गाणं त्यांचं होतं.

इटलीत फेरारा नावाचं शहर आहे. तिथल्या मठात लिओनोरा देस्ते नावाची राजघराण्यातली मुलगी होती. जन्म १५१५ चा. चार वर्षांची होत आली तेव्हा आई गेली. आई म्हणजे इतिहासात गाजलेली लुक्रेझिया बोर्जा. लिओनोरा लहानपणीच मठात गेली आणि अठराव्या वर्षी त्या मठाची प्रमुख झाली. तिला संगीताची मोठी जाण होती.

१५४३ मध्ये व्हेनिस शहरात एक पुस्तक छापलं गेलं. त्यात पाच आवाजांची मोतेतं होती. पाचही आवाज जवळजवळ एकाच उंचीचे, म्हणजे जाड पुरुषी आवाजाशिवाय बायकांना आपसात गाता येतील असे. पण पुस्तकावर रचणाराचं नाव नव्हतं. आता अभ्यासक म्हणतात, ही रचना लिओनोराची असण्याचा संभव मोठा आहे. राजाच्या लेकीने, त्यातून मठातल्या बाईने, छापील पुस्तकावर स्वतःचं नाव घालणं तेव्हा शोभलं नसतं.

पन्नास वर्षांनी, १५९३ मध्ये, त्याच फेरारातल्या दुसऱ्या मठातल्या राफाएला आलेओत्ती हिचं भक्तिगीतांचं पुस्तक छापलं गेलं, आणि तेही तिच्या नावानिशी! बाईच्या नावाने छापलेलं हे पहिलं भक्तिसंगीताचं पुस्तक. नाव लागायला एवढा वेळ लागला. मधल्या काळात धर्मपीठाने मठांवरचे निर्बंध कडक केले होते. काही ठिकाणी तर ननांनी अनेक आवाजांत गाऊच नये, असे हुकूम निघाले. बायकांच्या गाण्याने लोक मठाबाहेर गोळा होतात, ही तक्रार! तरी बाया गात राहिल्या.

१५४३ ची ती मोतेतं ‘म्युझिका सिक्रेटा’ या इंग्लंडमधल्या बायकांच्या गटाने गायली आणि २०१७ मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण निघालं. त्यांच्यासोबत हौशी बायकांचाही एक गट गायला. म्हणजे पावणेपाचशे वर्षांनी ते गाणं कागदावरून पुन्हा बायकांच्या गळ्यात आलं.

मठातल्या बाया अगदी असंच गात होत्या, असं मात्र समजू नका. कागदावर सूर उरले, गळे उरले नाहीत. आवाज जाड होता की बारीक, श्वास कुठे घेत होत्या, खालचा आवाज गात होत्या की वाजवत होत्या, हे सगळं आजच्या गायकांना अंदाजाने ठरवावं लागतं.

ऐकायचं कसं

मोबाईलवर माइकचं चिन्ह दाबून नुसतं नाव बोला. टाइप करायची गरज नाही. सुरुवात ‘म्युझिका सिक्रेटा’पासून करा, सगळ्या बायकाच आहेत. दुसरं म्हणजे विल्यम बर्ड यांची चार आवाजांची प्रार्थना, ‘मास फॉर फोर व्हॉइसेस’. हे इंग्लंडमधले रचनाकार. तिथे तेव्हा त्यांच्या पंथाच्या उपासनेला बंदी होती. त्यामुळे ही प्रार्थना कोणाच्या तरी घरात, दार लावून, मोजक्या माणसांनी गायची असे. १५९० च्या दशकात ती छापली तेव्हा वहीला मुखपृष्ठ नव्हतं आणि छापखान्याचं नावही नव्हतं. आवाज चारच असल्यामुळे नव्या कानाला ती सोपी जाते. तिसरे इटलीचे पालेस्त्रीना, त्यांची सहा आवाजांची ‘मिसा पापे मार्सेली’. गाणाऱ्या गटांमध्ये १९७३ साली सुरू झालेला ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा गट प्रसिद्ध आहे. त्यात उंच आवाज बायका गातात.

आता रीत सांगते. मिक्सर, टीव्ही, पंखा बंद असेल अशी वेळ निवडा. रात्रीची जेवणं उरकल्यावरची वेळ बरी. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे जाड आवाज नीट येत नाहीत. गटाकडे ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो घ्या. इअरफोन असेल तर दोन्ही बाजू एकीनेच लावा. एक तुझ्या कानात, एक माझ्या कानात असं वाटून घेतलं तर प्रत्येकीला अर्धंच गाणं मिळतं, कारण काही आवाज डावीकडून येतात, काही उजवीकडून.

तीन-चार मिनिटांचाच तुकडा घ्या आणि तोच चार वेळा ऐका. पहिल्यांदा काहीच शोधू नका, डोळे मिटून बसा. दुसऱ्यांदा फक्त सगळ्यात वरचा आवाज धरा, तो सहज सापडतो. तिसऱ्यांदा सगळ्यात खालचा धरा. तो लाजरा असतो, पण घराच्या जोत्यासारखा सगळं तोलून धरतो. चौथ्यांदा मधल्या आवाजांच्या मागे जा. हे अवघड आहे. हरवलात तर हरवू द्या, पुढच्या वळणावर पुन्हा धरा. चौघी असाल तर एकेकीने एकेक आवाज वाटून घ्या आणि आपला आवाज आत आला की हात वर करा.

शेवटी त्या जागा शोधा, जिथे इतका वेळ वेगवेगळे चाललेले आवाज एकदम एकच शब्द एकत्र म्हणतात. तिथे अंगावर काटा येतो.

टॉमस टॅलिस या रचनाकाराची ‘स्पेम इन आलियम’ ही चाळीस आवाजांची रचना आहे, चाळीस गळे आणि चाळीस वाटा. २००१ मध्ये जॅनेट कार्डिफ या कॅनडातल्या कलावंत बाईने तिचं वेगळंच ध्वनिमुद्रण केलं. प्रत्येक गायकासमोर वेगळा माइक, आणि मग मोठ्या खोलीत गोलाकार चाळीस स्पीकर. एका स्पीकरमध्ये एकच आवाज. खोलीच्या मध्यभागी उभं राहिलं की सगळं गाणं ऐकू येतं आणि एखाद्या स्पीकरला कान लावला की तेवढ्या एकाचाच गळा, त्याचा श्वाससुद्धा. सगळ्यांमधलं एक माणूस वेगळं ऐकू येतं.

आपल्या आज्यांचा आवाज

आणि इथेच मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. त्या मठातल्या बायांचे सूर उरले, कारण ते कागदावर होते. आपल्या आज्यांच्या ओव्या कागदावर नव्हत्या, त्या गळ्यात होत्या. पिठाची गिरणी आली. कंबर मोडणारं काम गेलं, ते बरंच झालं. पण जात्याबरोबर गाणंही उठलं.

हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत, काही तर त्या बायांच्याच आवाजात. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. राजाच्या लेकीला पुस्तकावर जे मिळालं नाही, ते मान्याने दळणाऱ्या बाईला मिळालं.

आपल्या घरात, शेजारी, वाडीवर अजून कोणी सत्तरी-ऐंशीची आजी असेल. तिला विचारा, ‘आत्या, ओवी येते का हो?’ ती म्हणेल, ‘आता काय आठवतंय!’ पण तिला जात्याजवळ बसवा, नाहीतर पाखडायला सूप द्या. हात हलले की ओवी आठवते. आधी तिची परवानगी घ्या. पंखा बंद करा. मोबाईल हातभर अंतरावर, मऊ फडक्यावर ठेवा. सुरुवातीला तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवून घ्या. मध्येच ‘वा, वा’ करू नका. आणि ते एकाच फोनमध्ये ठेवू नका. फोन पडतो, बिघडतो, विकला जातो. गटातल्या तिघी-चौघींच्या फोनवर पाठवून ठेवा.

मग गटाच्या बैठकीत आधी आजीची ओवी लावा आणि नंतर त्या मठातल्या बायांचं मोतेत. एकीचा एकटा गळा ऐका आणि मग पाच जणींचा गोफ. पुस्तकावर लिओनोराचं नाव राहून गेलं. आपल्या आजीचं नाव तेवढं राहून जाऊ देऊ नका.

बैठकीत सा रे ग म चा खेळ किती वेळा फसला आणि कितव्या वेळी जमला, ते कळवा.